3एस, 3पी, 3डी: स्प्रेडशीटवर ऑर्बिटल काढण्याचा माझा अनुभव

ऑर्बिटल म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, हे सांगणारं फलन. त्याचे क्वांटम नंबर पाठ होतात, पण एन (3एसमधला 3) तोच ठेवून एल (एससाठी 0, पीसाठी 1, डीसाठी 2) बदलला की नेमका काय फरक पडतो, हे आलेख काढल्याशिवाय उमगत नाही, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी खास सॉफ्टवेअर लागत नाही, साधी स्प्रेडशीट पुरते.

पहिल्या स्तंभात मी केंद्रकापासूनचं अंतर ‘आर’ घेते, बोर त्रिज्येच्या (अणूच्या मापाचं एकक, 52.9 पीकोमीटर) पटीत: 0 ते 40, दर 0.1 ला एक ओळ. शेजारी हायड्रोजनच्या या तीन ऑर्बिटलांची, अंतरावर अवलंबून असणारी सूत्रं. तिन्हींत ई^(−आर/3) आहेच. त्याला 3एससाठी (27 − 18आर + 2आर²) ने गुणायचं, 3पीसाठी आर(6 − आर) ने, 3डीसाठी आर² ने. शिवाय स्थिर गुणक अनुक्रमे 2/(81√3), 4/(81√6) आणि 4/(81√30).

आता आलेख कशाचा काढायचा, इथे बहुतेक जण घसरतात. सूत्राच्या किमतीच्या नुसत्या वर्गाचा काढला तर 3एसचा सर्वांत उंच बिंदू केंद्रकावरच येतो आणि इलेक्ट्रॉन तिथेच बसलाय असं वाटतं. त्या वर्गाला आर² ने गुणा, कारण अंतर वाढतं तसं त्या अंतरावरच्या पातळ कवचाचं घनफळही वाढतं. मग खरं चित्र दिसतं. या गुणाकाराच्या स्तंभाची बेरीज गुणिले 0.1 हे 1 च्या अगदी जवळ यायला हवं. ही तपासणी मी कधीच टाळत नाही. 3एससाठी आर 20 वरच थांबवला तर बेरीज 0.92 येते, सूत्र बरोबरच असतं, शेपूट कापलेलं असतं.

नोड, म्हणजे मधे जिथे वक्र शून्याला टेकतो ते बिंदू, मोजायचे एन − एल − 1. 3एसला दोन, 1.90 आणि 7.10 वर, 3पीला एक, 6 वर, 3डीला एकही नाही. ओळी 1 च्या अंतराने घेतल्या तर 3एसचा सर्वांत आतला उंचवटा जेमतेम एका बिंदूपुरता उरतो. आणि मुद्दा तर त्याच उंचवट्याचा आहे.

मुख्य शिखरं पाहिली तर 3डीचं 9 वर, 3पीचं 12 वर, 3एसचं 13 च्या थोडं पुढे. म्हणजे 3एस सर्वांत लांब! मग अनेक इलेक्ट्रॉनांच्या अणूत त्याचीच ऊर्जा सर्वांत कमी कशी? 1.90 पर्यंतच्या ओळींची बेरीज करा. 3एसची सुमारे 1.4 टक्के संभाव्यता तिथे आहे, 3डीची जेमतेम 0.035 टक्के. चाळीसपट फरक. आतल्या इलेक्ट्रॉनांच्या आड न राहता 3एस केंद्रकाच्या जवळ पोचतो, तिथे त्याला जवळजवळ पूर्ण प्रभार जाणवतो, आणि म्हणून तो खाली उतरतो.

सोडियममध्ये हे आकड्यांत दिसतं: 3एस −5.14, 3पी −3.04, 3डी −1.52 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हायड्रोजनमध्ये तिन्ही −1.51 वर. 3डी जवळपास हायड्रोजनसारखाच राहिला, कारण तो आत शिरतच नाही. 3पी आणि 3एसमधला 2.1 इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक म्हणजेच सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश, 589 नॅनोमीटर. अर्थात हे वक्र हायड्रोजनचे आहेत. सोडियमचे हुबेहूब असे नसतात, पण आत कोण शिरतो याचा क्रम तोच राहतो.

तिसऱ्या क्वांटम नंबराचा, एमचा, या आलेखांशी संबंध नाही. तो दिशेचा मामला. तिथे एकच जपा: एम = 0 म्हणजे पी-झेड (झेड अक्षावरचं पी ऑर्बिटल) हे ठीक, पण एम = +1 म्हणजे पी-एक्स असं लिहू नका. पी-एक्स आणि पी-वाय ही दोन्ही +1 आणि −1 यांच्या मिश्रणातून बनतात.

पोटॅशियममध्ये 3डीआधी 4एस का भरतो, हे पाहायचं असेल तर हाच तक्ता पुढे वाढवा. मात्र आर 60 पर्यंत न्या, नाहीतर 4एसची बेरीज 1 वर पोचणार नाही.