९५ दाखवतंय की!

आज सकाळपासनं दवाखान्यातच होते. आमच्या सोलापूरच्या विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, शेजारच्या अक्कांना दम लागायला लागला म्हणून रिक्षात घालून नेलं. आयुष्यभर विड्या वळल्या, बोटं तंबाखूनं पार पिवळी-काळी. सिस्टरनी बोटाला ऑक्सिजन मोजायची ऑक्सिमीटरची क्लिप लावली, ९५ आलं. "९५ दाखवतंय की, टेन्शन घेतलंय म्हातारीनं." अक्का तेलुगूत सांगायलेत श्वास पुरंना म्हणून, पण ऐकतंय कोण, बाजूच्या बेडला "मॅडम" आणि ह्यांना "ए, सरळ बस"!

मला एकदम कोविडनंतर वाचलेलं आठवलं. अमेरिकेत २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी तपासलं होतं, ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन खरा ८८ च्या खाली असलेले गोरे पेशंट ३.६ टक्के आणि काळे ११.७ टक्के. ते मशीन बोटातनं लाईट टाकून मोजतं, आणि कातडीला काळा रंग देणारं मेलॅनिन पण तो लाईट खातं. तिकडं वंशाचा प्रश्न आहे, इकडचा वेगळा, पण अक्कांचा रंग आपला सोलापुरी उन्हातला गडद काळा, मग मशीनला काय कळणार हे सोलापूर आहे म्हणून?

मी अडूनच बसले. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी मनगटातनं रक्त काढून तपासलं तर ऑक्सिजन खरंच कमी. आता नळी लावलीय. आणि अक्का काय विचारतात, "आजचा माल कारखान्यात कोण टाकणार गं?"