तुम्ही विचारलंत म्हणून: माझे सगळ्यात आवडते फोटो

पोर्ट्रेट काढते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग तुझा स्वतःचा आवडता फोटो कुठला? परवा तर डेंटिस्टने विचारलं, माझा आ वासलेला असताना. लोकांना वाटतं मी एखाद्या नटीचं नाव घेईन. नाही हो. माझे आवडते सगळे फोटो घरच्यांचे आणि दोस्तांचे आहेत आणि गंमत म्हणजे एक सोडला तर ज्यांचे आहेत त्यांना ते अजिबात आवडत नाहीत.

आईचंच घ्या. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून ती डाळिंब्या सोलतेय, मोड आलेले वाल कोमट पाण्यात, चिमटीत धरून दाबलं की दाणा टुणकन बाहेर, साल बोटाला चिकटलेली. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आलाय, हात ओले म्हणून वर करता येत नाही, त्यामुळे ती नाक वर उचलून चष्मा सांभाळतेय आणि ओठ घट्ट मिटलेत. ही माझी आई, शंभर टक्के. तिला दाखवला तर म्हणाली, "शी! गाऊनवर काढलास? आणि तोंड बघ कसं वाकडं दिसतंय." तिला हवाय तो भावाच्या लग्नातला पैठणीतला, ज्यात स्टुडिओवाल्याने सुरकुत्या अशा घासल्यात की ती माझी धाकटी बहीण वाटते.

आता ते "तोंड वाकडं" प्रकरण, त्यात तिचं खरंच चुकत नाही. आपण स्वतःला आयुष्यभर आरशात बघतो, म्हणजे उलटं. भांग डावीकडचा उजवीकडे, तीळ भलत्याच गालावर. १९७७ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला एक प्रयोग झाला होता, मुलींना त्यांच्याच चेहऱ्याचे दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशासारखा उलटवलेला. मुलींनी जास्त करून उलटा निवडला आणि त्यांच्या जवळच्या माणसांनी सरळ. ज्याला जो चेहरा रोज दिसतो तो त्याला आवडतो, बास. म्हणजे मी आईचा फोटो काढते तेव्हा मला दिसते ती आई टिपते, तिला आरशात दिसते ती नाही. हे भांडण मिटणारं नाही आणि मी ते मिटवायचा प्रयत्नही करत नाही.

नवऱ्याचा पावसाळ्यातला आहे, ओले मोजे इस्त्रीने वाळवतानाचा. त्यावर बंदी आहे, जास्त लिहीत नाही.

एका मित्राचा मात्र वेगळा आहे. त्याचे वडील गेले, दहावं झालं, डोक्याचा गोटा केलेला, आणि घरी येणारा प्रत्येक जण दारातच थबकून म्हणत होता, अरे अगदी नानांसारखा दिसतोयस. अशा घरी मी कॅमेरा बाहेर काढत नाही. संध्याकाळी तोच म्हणाला, काढ ना एक, मला बघू दे. ओसरीवर, उजेड जवळपास संपलेला, तो सरळ लेन्समध्ये बघत होता, हसायचा वगैरे प्रश्नच नव्हता. स्क्रीनवर झूम करून कानांपाशी खूप वेळ थांबला. म्हणाला, कान त्यांचेच आहेत, केसांखाली कधी कळलंच नाही. एवढा एकच असा, जो त्यालाही आवडतो आणि मलाही.

पण म्हणून पोझ वाईट असं मी म्हणणार नाही हं, नुसतं "कॅन्डिड कॅन्डिड" (म्हणजे पोझ न देता, नकळत काढलेला फोटो) करणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. भारतातल्या पहिल्या महिला फोटोपत्रकार होमाई व्यारावाला म्हटलं की सगळ्यांना त्यांनी काढलेले नेहरू, माउंटबॅटन आठवतात. मला आठवतात ते त्यांनी मुंबईत जे.जे. कला महाविद्यालयात शिकतानाच्या दिवसांत काढलेले रेहाना मोगल या वर्गमैत्रिणीचे फोटो. चक्क पोझ दिलीये, पण समोर मैत्रीण आहे म्हटल्यावर जो ऐटीतला मोकळेपणा येतो ना, तो परक्या फोटोग्राफरला मिळत नाही. मला क्लायंटकडून तेवढंच मिळवायला तासभर गप्पा आणि दोन चहा लागतात.

आणि हो, पुढचा प्रश्न लेन्सचा असतोच. स्टुडिओत ८५ मिमीची, पण आपल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात ८५ लावून मागे मागे गेलात तर फ्रिजला पाठ टेकेल, त्यामुळे घरी ५० नाहीतर ३५. फक्त ३५ घेऊन नाकाशी जाऊ नका, नाक मोठं दिसतं आणि मग शिव्या रास्तच असतात. रात्री जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली काढणार असाल तर शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, त्याहून फास्ट गेलात की एक फोटो पिवळट, एक काळपट आणि चेहऱ्यावर पट्टे. दिवसा असेल तर ट्यूब सरळ बंद करा आणि माणसाला खिडकीशी बसवून हातात काहीतरी काम द्या. वाल नसतील तर लसूण चालेल.