उबुंटू २२.०४ वरून २४.०४: व्हीएममध्ये अडकलेलं अपग्रेड

माझ्याकडे व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू २२.०४ (लिनक्सची एक आवृत्ती) ची एक व्हीएम, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर, आहे. बाबांनी टाइप केलेल्या जुन्या फाइल्स, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या, त्या युनिकोडमध्ये आणणारी पायथन स्क्रिप्ट तिच्यातच चालते, त्यामुळे ती मोडली तर माझं खरंच नुकसान होतं. २२.०४ ला सपोर्ट २०२७ पर्यंत आहे, म्हणजे घाई नव्हती, पण एका लायब्ररीचं नवं व्हर्जन हवं होतं म्हणून एका रविवारी बसलो.

आधी स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणीची स्थिती जपून ठेवणं) घेतला, सगळे तेच सांगतात. मग डू-रिलीज-अपग्रेड ही अपग्रेडची कमांड चालवली आणि थोड्या वेळात मेसेज आला की रूट डिस्कवर जागा कमी आहे, अपग्रेड थांबवलंय. व्हीएम बनवताना मी २५ जीबीचीच डिस्क दिली होती. एपीटीचा (पॅकेजेस टाकणाऱ्या टूलचा) कॅश साफ केला, जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा) ऑटोरिमूव्हने काढले, जर्नलचे लॉग कमी केले, तरी पुरेना.

मग डिस्क वाढवायची ठरवली आणि इथे माझे दोन तास गेले. व्हीएम बंद करून व्हीबॉक्समॅनेज या कमांडने व्हीडीआय फाइल, म्हणजे व्हीएमची आभासी डिस्क, ६० जीबी केली, कमांड बिनतक्रार चालली, पण आत जाऊन बघतो तर डिस्क २५ चीच. कारण तो स्नॅपशॉट. स्नॅपशॉट घेतला की मूळ व्हीडीआय गोठते आणि पुढचं सगळं लिखाण एका वेगळ्या डिफरन्सिंग फाइलमध्ये जातं, व्हीएम चालते ती त्या फाइलवर आणि तिचा आकार जुनाच राहतो, मी वाढवली होती ती मूळ. म्हणजे आधी डिस्क वाढवायची, मग स्नॅपशॉट, मग अपग्रेड, आणि मी नेमका उलटा क्रम धरला होता.

यातून बाहेर पडायला मी व्हीएमचा फुल क्लोन केला, फक्त आत्ताच्या स्थितीचा, स्नॅपशॉट सोडून. त्यात एकच सलग व्हीडीआय मिळते. ती वाढवली, आत जाऊन ग्रोपार्ट कमांडने तिसरं पार्टिशन (डिस्कचा भाग) ताणलं, रिसाइज-टू-एफएसने त्यातली फाइलसिस्टिम, आणि जुनी व्हीएम बॅकअप म्हणून जशीच्या तशी पडून राहिली. मला तर आता हे स्नॅपशॉटपेक्षा बरं वाटतं, होस्टवर (ज्या खऱ्या कॉम्प्युटरवर व्हीएम चालते त्यावर) जागा असेल तर.

दुसऱ्या वेळी अपग्रेड शेवटपर्यंत गेलं, रीस्टार्ट केलं आणि काळी स्क्रीन. घाबरून लगेच रीसेट मारू नका. उजवा कंट्रोल आणि एफ३ दाबलं की टेक्स्ट कन्सोल येतो, तिथून लॉगिन करता येतं. व्हार-लॉग मधल्या डिस्ट-अपग्रेड फोल्डरमध्ये मेन, एपीटी आणि टर्म अशा लॉग फाइल्स असतात, टर्म लॉग शेवटाकडून वाचत गेलो तर दिसलं की गेस्ट अॅडिशन्सचं (व्हीएममध्ये टाकायच्या व्हर्च्युअलबॉक्सच्या ड्रायव्हर्सचं) मॉड्यूल नव्या ६.८ कर्नलसाठी बिल्डच झालं नव्हतं. माझ्या होस्टवरचं व्हर्च्युअलबॉक्स जुनं होतं आणि त्याच्यासोबतची गेस्ट अॅडिशन्सही जुनी. ती कन्सोलवरूनच काढून टाकली, होस्टवर व्हर्च्युअलबॉक्स अपडेट केलं, नवी अॅडिशन्स टाकली, स्क्रीन आली. खरं तर अपग्रेडच्या आधीच काढायला हवी होती, चालू सिस्टिममध्ये ते दोन मिनिटांचं काम आहे.

शेवटी स्क्रिप्ट चालवली तर तीही बंद! २४.०४ मध्ये पायथन ३.१२ आहे, आधी ३.१० होतं, त्यामुळे जुनं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (स्क्रिप्टच्या लायब्ररींचा वेगळा फोल्डर) निकामी होतं आणि डिस्टयूटिल्स हे पायथनचं जुनं मॉड्यूल ३.१२ मधून काढूनच टाकलंय. एन्व्हायर्नमेंट नव्याने बनवलं, डिस्टयूटिल्सच्या दोन ओळी बदलल्या. रात्री साडेदहाला बाबांचं १९९८ सालचं एक पत्र युनिकोडमध्ये उघडलं, जोडाक्षरांसकट नीट.