उजेडाचा राग

९ फेब्रुवारी २०२४, लाँगइयरब्येन (स्वालबार, नॉर्वे)

आज वर जाताना, सातव्या खाणीपुढच्या शेवटच्या चढावर बेल्टवॅगन (बर्फातून पट्ट्यांवर चालणारी आमची गाडी) मध्येच थांबली. मला वाटलं पट्टा निसटला. तर तसं काही नव्हतं. चालवणाऱ्या काकांनी (इथे कुणी कुणाला काका म्हणत नाही, मी आपली मनातल्या मनात म्हणते) पुढचे दिवे घालवले आणि काचेबाहेर बोट केलं. सकाळचे अकरा वाजले होते. दिव्यांशिवाय समोरचा अख्खा डोंगर दिसत होता. कडे, घळी, वाऱ्याने बर्फावर ओढलेल्या रेघा, सगळं. मागच्या बाकावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. आणि आतून इतकी चिडले, की वर पोचेपर्यंत कुणाशी धड बोलले नाही.

कशावर चिडले, तेच लिहून बघतेय.

सोपं उत्तर कामाचं आहे. ब्रायनोसा डोंगरावरची आमची वेधशाळा मुळात अंधारासाठीच आहे. आधीचं केंद्र खाली अ‍ॅडव्हेंटडालेनच्या दरीत होतं, तिथे गावाच्या दिव्यांचा त्रास, म्हणून २००८ साली सगळं बिऱ्हाड ५२० मीटरवर नेलं. तीस खोल्या, प्रत्येकीच्या छपराला पारदर्शक घुमट, खाली एकेक यंत्र आकाशाकडे तोंड करून बसलेलं. इथे डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजाच्या दहा-अकरा अंश खाली असतो, त्यामुळे जगात फार थोड्या ठिकाणी दिसतो तो दिवसाचा ध्रुवीय प्रकाश (ऑरोरा) आमच्या डोक्यावर दिसतो, सकाळी दहाच्या आसपास. लोक ज्याचे फोटो टाकतात तो हिरवा नव्हे. हा लाल. डोळ्यांना जेमतेम कळतो, कॅमेऱ्याला स्वच्छ. आता दहा वाजता आकाश उजळलेलं असतं, म्हणजे ते दुकान या हंगामापुरतं बंद. रात्रीचं अजून चालू आहे, पण तेही गुंडाळायचंच.

पण हे दरवर्षीचंच. गेल्या वर्षी राग नव्हता आला. गेल्या वर्षी ८ मार्चला जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांवर पोराटोरांच्यात उभी राहून मी सूर्याला हाका मारत होते. डोंगराआडून त्याचं ऊन गावात पहिल्यांदा तिथे पडतं, म्हणून सगळं गाव तिथे जमतं. तेव्हा रडूसुद्धा आलं होतं, बाबांना व्हिडिओ पाठवला होता.

असो.

नोव्हेंबरात जो तो सांगत होता, अंधाराला जप. ड जीवनसत्त्व घे, माणसांत राहा, वेळेवर झोप. अंधाराने माझं काहीही वाकडं केलं नाही. उजेडाला जप असं का नाही कुणी सांगत? आज दुपारी खोलीत आले तर खिडकीतून आलेल्या त्या निळसर उजेडात धूळ दिसली, तीन उष्टे कप दिसले, आरशात मी दिसले. डोळ्यांखाली काय झालंय ते दिव्यात नव्हतं कळत. वर घुमटांवरचं हिम झाडतानासुद्धा तेच, सगळं कसं उघडं पडल्यासारखं. (अस्वल आलं तर लांबूनच दिसेल, बंदुकीकडे सारखं बघायला नको, हा फायदा आहे. मान्य.)

त्या लाल रंगाची एक गंमत आहे. ऑक्सिजनचा अणू चेतला की ६३० नॅनोमीटरचा तो लाल प्रकाश सोडायला त्याला दोनेक मिनिटं लागतात. अणूच्या हिशेबाने केवढा काळ! खाली शंभर किलोमीटरवर हवा दाट, तेवढ्यात दुसरं कुणीतरी येऊन धडकतं, ऊर्जा काढून घेतं, प्रकाश सोडायचा राहूनच जातो. म्हणून लाल दिसतो तो पार दोन-अडीचशे किलोमीटरवर, जिथे धक्का मारायला फारसं कुणी नसतं. हिरव्याचं काम सेकंदाच्या आत होतं, तो खालच्या गर्दीतही उरकून घेतो. दादा हिरव्या जातीचा आहे. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने कपाट रिकामं करायला घेतलं होतं. मला वेळ लागतो.

अंधारात तो मिळत होता. रात्रच आहे म्हटलं की सगळं माफ. फोन नाही केला, माफ. पहाटे तीनला पोहे केले, माफ. बाबांच्या खोलीचं काय करायचं म्हणून दादाने विचारलं, त्याला लिहिलं, जरा उजाडू दे. त्याला वाटलं मी वाक्प्रचार वापरतेय.

आणि आता उजाडतंय, त्याला मी काय करू?

संध्याकाळी आईचा फोन. “अगं, यंदा रथसप्तमी सोळाला आहे. तुमचा सूर्यसुद्धा सोळालाच येतो म्हणाली होतीस ना?” मी म्हटलं, सोळाला क्षितिजावर येईल, डोंगर आडवे आहेत, गावात दिसायला ८ मार्च. तिला हा फरक काही पटला नाही. “येतोय ना? मग दूध उतू घाल. पूर्वेकडे गेलं पाहिजे मात्र.” आता पंचाईत अशी, की पहिल्या दिवशी इथला सूर्य उगवतो दक्षिणेला, जरासा डोकावतो आणि दक्षिणेलाच मावळतो. हे सांगितल्यावर ती गप्पच झाली. मग म्हणाली, “दक्षिणेला कसला उगवतोय मेला!” आणि थोड्या वेळाने, “बरं, तू पातेलंच फिरवून ठेव.”

खूप दिवसांनी इतकी हसले. तीही हसली, ते जास्त बरं वाटलं. दूध घालेन उतू. गोवरी नाही, बोळकं नाही, सामाईक स्वयंपाकघरातली काचेची शेगडी आहे, तिच्यावरचं करपलेलं दूध खरवडायला पुन्हा मीच. धुराचा अलार्म वाजला तर सगळ्यांना रथसप्तमीही समजावून सांगावी लागणार.

आज अमावस्या. आमच्या धंद्यात हिच्याइतका शुभ दिवस नाही, चंद्राची कटकट नसते. नाहीतर हिवाळ्यात पौर्णिमेच्या आसपास तो दिवसचे दिवस मावळतच नाही. म्हणून ठरवलं होतं, रात्रभर मोजमापं बघत बसायचं, दादाचं उद्या. आत्ता वरच्या कॅमेऱ्याचं चित्र उघडलं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत ढग. झालं, तेही कारण गेलं. कपाट राहू दे आणि खुर्चीला हात लावू नकोस, एवढं तरी लिहिते त्याला.