पंचवीस हजार गाठी

शनिवार, रात्र. सव्हॅना, अमेरिका.

सकाळी फोर्ट मॅकॅलिस्टरला गेलो. किल्ला म्हटल्यावर डोळ्यांपुढे रायगड येणारा मी; इथं ओगीची नदीच्या काठी नुसते मातीचे उंचवटे, त्यावर गवत. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 13 डिसेंबर 1864 ला, उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या सैन्याने तो जेमतेम पाव तासात घेतला. आज तिथं हौशी मंडळी जुने गणवेश चढवून तोच डिसेंबर जगत होती. तंबू, चुलीवरची कॉफी, घेरदार झग्यातल्या बायका. एकाने हार्डटॅक दिलं. बिस्कीट कसलं, दगडच! दाढ अजून ठणकतेय.

सगळं छान होतं, जरा जास्तच छान. उपाशी कुणीच दिसत नव्हतं.

दुपारी मॅडिसन स्क्वेअरला, चार्ल्स ग्रीन या कापूस व्यापाऱ्याच्या घरापाशी थांबलो. शहर पडल्यावर शर्मन याच घरात उतरला. लिंकनला तार धाडली: नाताळची भेट म्हणून सव्हॅना शहर, 150 तोफा, भरपूर दारूगोळा आणि कापसाच्या सुमारे 25,000 गाठी. ज्यांनी तो कापूस वेचला, त्यांचा यादीत उल्लेखही नाही. ते याच घरी आले, पण 12 जानेवारीला. वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशक आले होते, बोलले गॅरिसन फ्रेझियर. त्यांनी 1,000 डॉलर मोजून स्वतःला आणि बायकोला गुलामीतून सोडवलं होतं. तुम्हाला काय हवं, या प्रश्नावर त्यांचं उत्तर शेतकऱ्याचं होतं: जमीन, स्वतः कसायला. चार दिवसांत तसा हुकूम निघाला आणि वर्ष सरायच्या आत नव्या राष्ट्राध्यक्षाने तो फिरवलाही.

मी अकोल्याचा, पऱ्हाटीतच वाढलेला. त्यामुळे मन त्या गाठींवरच अडलं. युद्धात उत्तरेने अमेरिकेच्या दक्षिणेची बंदरं अडवली म्हणून इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या, मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरबाजार पिसाटला. 1865 मध्ये इथलं युद्ध संपलं, भाव कोसळले आणि तिकडे पेढ्या बुडाल्या. म्हणजे ही भेट आपल्यालाही पोचली होती.

मघाशी बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. तोफा, किल्ला, नाताळ, सगळं निमूट ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "पंचवीस हजार गठाणी? भाव काय भेटला त्याले?"