तर्री पोहे, काकाजी आणि महाभियोग

हिवाळी अधिवेशन लागलं की नागपुरात दोन गोष्टी ठरलेल्या, विधानभवनाकडचे रस्ते बंद आणि पोह्याच्या ठेल्यावर सगळेच घटनातज्ज्ञ. परवा सकाळी असाच तर्री पोहे खात उभा होतो, कोणाच्या तरी मोबाईलवर महाभियोगाची, म्हणजे मोठ्या पदावरच्या माणसाला संसदेतून हटवायची, काहीतरी बातमी चालू होती तर बाजूचे काकाजी म्हणे, "आमदार राष्ट्रपतीले निवडून देते ना, मंग काढनंबी यायच्याच हाती असन." लॉजिक एकदम पक्कं वाटतं ना, पण तसं नाहीये, म्हटलं चला यावर लिहूनच टाकू.

निवडायला आमदार असतात हे खरं, 2022 च्या राष्ट्रपती निवडणुकीत आपल्या महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य 175 होतं आणि खासदाराचं 700. पण काढायची वेळ आली की आमदारांचा रोल झिरो, सगळं काम संसदेचं. आणि उलटी गंमत बघा, राज्यसभेत राष्ट्रपतींनी नेमलेले जे 12 जण असतात त्यांना राष्ट्रपती निवडायला मत नाही, पण काढायला आहे!

कलम 61 मध्ये कारण एकच दिलंय, संविधानाचा भंग. आता भंग म्हणजे नेमकं काय याची व्याख्या कुठेच नाही, मला तर ही जागा मुद्दामच मोकळी ठेवल्यासारखी वाटते. आरोप कोणतंही सभागृह करू शकतं, त्यासाठी एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या आणि 14 दिवस आधी लेखी नोटीस. मग त्या सभागृहात ठराव दोन तृतीयांशने पास व्हायला पाहिजे, की प्रकरण दुसऱ्या सभागृहात, ते चौकशी करणार किंवा करवून घेणार, तिथे राष्ट्रपती स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडू शकतात, आणि तिथेही दोन तृतीयांशने आरोप सिद्ध झाल्याचा ठराव झाला की त्याच दिवसापासून पद गेलं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांवर सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहात, ट्रायल चालते तेव्हा सरन्यायाधीश खुर्चीवर बसतात, आपल्याकडे ते काही नाही.

खरी मेख त्या दोन तृतीयांशमध्ये आहे. ते हजर असलेल्यांचे नाही, एकूण सदस्यसंख्येचे. म्हणजे लोकसभेत 543 धरले तर 362 मतं हवीच, मग शंभर जण घरी बसले तरी आकडा तोच, म्हणजे जो आलाच नाही त्याने विरोधात मत दिल्यासारखंच झालं.

हे कसं अंगावर येतं ते 1993 मध्ये दिसलं. केस राष्ट्रपतींची नव्हती, सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना हटवायच्या प्रस्तावाची होती, आणि तिथला नियमही थोडा वेगळा, एकूण सदस्यांचं बहुमत प्लस हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश. लोकसभेत बाजूने 196, विरोधात एकही मत नाही, तरी प्रस्ताव पडला कारण काँग्रेसवाले सभागृहात बसून राहिले पण मतच दिलं नाही. झिरो विरोध असून हारणं, बाप्पा! अमेरिकेत 1868 साली राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले, हटवायच्या बाजूने 35, विरोधात 19, दोन तृतीयांशला एकच मत कमी पडलं, ते निदान समोरासमोर तरी होतं.

आपल्याकडे आजपर्यंत एकाही राष्ट्रपतींवर महाभियोग झालेला नाही, आणि हे आकडे पाहिले की नवलही वाटत नाही.

काकाजींनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणे, "अन् राज्यपालाले कसं काढते?" म्हटलं त्यांना महाभियोग वगैरे काही नाही, राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत राज्यपाल, तर म्हणे हे सोपं आहे, आणि अजून एक प्लेट सांगितली.

पण काकाजी अर्धे बरोबरच होते बरं का. राष्ट्रपतींना खरंच काढलं तर तोवर उपराष्ट्रपती काम पाहतात आणि 6 महिन्यांच्या आत नवीन निवडणूक घ्यावी लागते, आणि त्या निवडणुकीत आमदार पुन्हा मत द्यायला हजर.