गुलमर्गला निघताय? बाईकचं हेल्मेट घरीच ठेवा

जानेवारी-फेब्रुवारीत कोल्हापुरातून गुलमर्ग, औली, सोलंगला स्कीइंगसाठी जायचं ठरलं की एक प्रश्न हमखास येतो: बाईकचं हेल्मेट चालेल का? नाही चालणार. ते किलो-सव्वा किलोचं धूड, कान बंद करणारं, आणि त्यात स्कीचा गॉगल नीट बसत नाही. काच खाली ओढली की श्वासाची वाफ थंडीत तिच्यावरच धरते. स्कीचं हेल्मेट साधारण अर्ध्या किलोचं असतं आणि कानावर मऊ पॅड असल्यानं मागून येणाऱ्याची हाक ऐकू येते.

'बर्फ तर मऊच की' ही दुसरी समजूत. ताजा पडलेला बर्फ मऊ असतो, खरं आहे. पण शिकाऊंच्या उतारावरचा बर्फ दिवसभर तुडवला जातो, रात्री गोठतो आणि सकाळी शहाबादी फरशीसारखा कडक लागतो. त्यात स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले. टाचेकडची कड बर्फात रुतली की पाय सोडवायला वेळच मिळत नाही. माणूस पाठीवर जातो आणि डोक्याची मागची बाजू आपटते. त्याला वेग लागत नाही. म्हणून हेल्मेट पहिल्याच दिवशी, पहिल्याच उतारावर. नॉर्वेतल्या स्की रिसॉर्टवरचा एक मोठा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यात हेल्मेट घालणाऱ्यांना डोक्याला इजा होण्याचा धोका 60 टक्के कमी आढळला.

भाड्याचं घेणार असाल तर ढिगातलं वरचं उचलू नका. आत 'ईएन 1077' किंवा 'एएसटीएम एफ 2040' असा सुरक्षा मानकाचा शिक्का शोधा. मग आतलं कापडी पॅड थोडं बाजूला करून पांढरा किंवा काळा थर्माकोलसारखा फोम बघा. जीव वाचवतो तो हाच. वरचं कवच फक्त धक्का पसरवतं. फोम चिरडून धक्का शोषतो आणि एकदा चिरडला की परत फुगत नाही. चीर, खळगा, अंगठ्यानं दाबल्यावर पोकळ लागणारी जागा, यातलं काही दिसलं तर दुसरं मागा. बक्कल दोनतीनदा लावून काढून बघा.

माप मात्र कोल्हापुरातच घेऊन जा. शिंप्याची टेप भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटीमीटरवरून, मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग धरून फिरवा. आलेले सेंटीमीटर म्हणजेच तुमचा साईझ. घालताना मागची चकती आधी सैल करा, हेल्मेट कपाळावर आडवं, सपाट बसवा, मग चकती आवळा. पट्टा न लावता मान हलवा: कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली एकच बोट जावं. आता मागून वर ढकलून बघा. हेल्मेट डोळ्यांवर घसरलं तर बसलेलंच नाही. दहा मिनिटं घालून ठेवा. कपाळावर एकाच ठिकाणी लाल वळ उठला तर आकार तुमच्या डोक्याचा नाही, चकती सैल करून उपयोग होणार नाही.

अंबाड्यावर हेल्मेट कधीच बसत नाही. वेणी घाला, तीही मानेजवळ खाली. जाड लोकरीची टोपीही आत नको. तिच्यामुळे माप बिघडतं आणि गॉगलच्या वरची हवेची वाट बंद होऊन काच धुरकटते. पातळ लायनर, म्हणजे हेल्मेटखाली घालायची पातळ टोपी, चालतो. गॉगलचा पट्टा हेल्मेटच्या बाहेरून, मागच्या क्लिपमध्ये. दोन्हींच्या मधे कपाळ उघडं दिसत असेल तर जोडी जमलेली नाही.

हेल्मेट काय करू शकत नाही हेही माहीत असू द्या. ईएन 1077 च्या चाचणीत ते दीड मीटरवरून पाडतात, म्हणजे आदळताना वेग ताशी 20 किलोमीटरच्या आत. झाडावर ताशी 50 नं आदळणाऱ्याला तेवढ्यावर विसंबता येत नाही. 'मिप्स' नावाची सोय असलेल्या हेल्मेटमध्ये आतला थर थोडा सरकतो, त्यानं तिरक्या माराचा पीळ कमी होतो. परवडत असेल तर तेच घ्या.

डोक्याला मार बसला, हेल्मेट असलं तरी, त्या दिवशीचं स्कीइंग बंद. वाढती डोकेदुखी, उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणं दिसलं तर थेट दवाखाना. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरची माणसं. गुलमर्गच्या वर अफरवट डोंगरावर जवळपास 4,000 मीटरवर डोकं तसंही दुखतं, आणि 'उंचीमुळंच असेल' म्हणून मार दुर्लक्षिला जातो. 2009 मध्ये नताशा रिचर्डसन ही अभिनेत्री कॅनडात शिकाऊंच्या उतारावर हेल्मेटशिवाय पडली. सुरुवातीला बरी वाटत होती, पण कवटीच्या आत रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांनी ती गेली. म्हणून पडलेल्याला खोलीवर एकटं झोपायला सोडू नका.

जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला. स्वतःचं असेल तर विमानात हातातल्या बॅगेत न्या, आत मोजे कोंबून. परतल्यावर पॅड साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, डोक्याचं तेल त्यातच मुरलेलं असतं. थिनर, पेट्रोल, स्प्रे पेंट लावू नका, आणि एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. दोन्हींनी फोम खराब होतो.